लग्नापुरतं थांबलेलं काम

वर्धा जिल्ह्यातल्या रोहणपूर शहरात, जुन्या बाजाराच्या मागे एक उताराची गल्ली आहे. गल्लीच्या मध्यावर प्रभाकरराव पद्मावारांचं भांड्यांचं दुकान आणि दुकानाच्या माडीवर त्यांचं घर. उतार जिथे संपतो तिथे, नाल्याच्या अलीकडे, रूपराव ढग्यांचं घर. ढगे मूळचे पुलगावजवळच्या नाचणगावचे. शेती तिकडेच होती, पण रूपरावांना बाजार समितीत कापसाच्या काट्यावर नोकरी लागली आणि मुलाच्या शाळेचं निमित्त करून त्यांनी रोहणपुरात घर बांधलं. खालची जागा होती म्हणून परवडली.

नव्या घरासाठी रुख्माबाई पाण्याचे गुंड घ्यायला पद्मावारांच्या दुकानात आल्या, तेव्हापासूनची ही ओळख. पुढे ती इतकी वाढली की प्रभाकररावांची हर्षा दुपारची जेवायलाही ढग्यांकडेच असायची. अनुसयाबाई नवऱ्याबरोबर दुकान सांभाळायच्या, त्यांना पोरीकडे पाहायला वेळ कुठला. हर्षाची वेणी रुख्माबाई घालायच्या. ताप आला तर रुख्माबाईंच्याच मांडीवर ती निजायची. रूपराव निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत, माडीवरून चहा येई, आणि गिऱ्हाईक नसलं की दोघं मित्र शटर ओढायच्या वेळेपर्यंत बोलत बसत.

गल्लीत एकच दुखणं होतं. प्रभाकररावांच्या वडलांच्या काळात टाकलेला सांडपाण्याचा सिमेंटचा पाइप याच गल्लीखालून नाल्याकडे जात असे. तेव्हा वर वस्ती बेताची होती. नंतर माळावर ले-आउट पडत गेले, घरं वाढली, आणि सगळ्यांचं मैलापाणी त्याच पाइपात सोडलं गेलं. जोराचा पाऊस आला आणि नाला भरला की पाइपातलं पाणी माघारी फिरायचं. चेंबरची झाकणं उचलली जायची, आणि रूपरावांच्या न्हाणीतून, संडासातून घाण वर यायची. दरवर्षी दोन-चारदा तरी रुख्माबाई फिनाइल टाकून घर धूत असत.

म्हणून भुयारी गटार योजना मंजूर झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद रुख्माबाईंना झाला. शहराच्या दुसऱ्या टोकापासून काम सुरू झालं आणि एका हिवाळ्यात जेसीबी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मोठ्या व्यासाचे नवे पाइप बाजारात ओळीने ठेवले गेले. नगरपरिषदेच्या इंजिनीअर आकांक्षा मून गल्लीतून फिरून गेल्या. पुढच्या आठवड्यात खोदायला घेऊ, महिनाभर गल्ली बंद राहील, एवढं त्यांनी सांगितलं.

पण हर्षाचं लग्न त्याच महिन्यात होतं. मुलगा अमरावतीचा. लग्न सभागृहात लागणार होतं, तरी हळद घरी होती, मांडव दारात पडणार होता, पाहुणे घरीच उतरणार होते. दारासमोर डोक्याएवढी खोल चर आणि त्यात उघडं मैलापाणी, हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि अनुसयाबाईंना रडूच आलं. प्रभाकररावांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. लगनसराईत त्यांचा वर्षभराचा धंदा व्हायचा, आणि खोदलेल्या गल्लीत गिऱ्हाईक येणार नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही.

संध्याकाळी ते रूपरावांकडे गेले. अंगणात खाट टाकलेली होती.

"मॅडमले भेटून महिनाभर थांबवता येते का पाहू म्हणतो," प्रभाकरराव म्हणाले. "लगन झालं की खोदू दे त्याइले."

"हो ना. उद्या जाऊ," रूपराव म्हणाले. "पोरीचं लगन का रोज रोज येते?"

रुख्माबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू का? मांडव आमच्या आंगणात टाका. पाहुणे इथी उतरवा. चरीवर फळ्या टाकल्या की झालं. पण दाराशी आलेलं काम परतवू नका."

"परतवून कोण राह्यलं?" रूपराव म्हणाले. "महिन्याचा तं सवाल आहे."

"महिन्यानं येईन असं कोणी लिहून देल्लं का?"

"तू काऊन अपशकुनी बोलते? हर्षी का परक्याची आहे?"

हर्षाचं नाव निघाल्यावर रुख्माबाईंना पुढे बोलता येणं शक्यच नव्हतं. त्या आत गेल्या आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पाच-सहा माणसं नगरपरिषदेत गेली. मून मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "काका, तुमची अडचण मला समजते. पण ठेकेदाराची मशीन एकदा इथून हलली की परत कधी येईल ते माझ्या हातात राहत नाही. कामाची मुदतही संपत आली आहे."

बाई खरं बोलते आहे हे प्रभाकररावांना कळत होतं. त्या क्षणी ते कदाचित उठूनही आले असते. पण रूपराव पुढे झाले.

"मॅडम," ते म्हणाले, "गल्लीत सगळ्यात खाली माहं घर आहे. पाणी भरते ते माह्याच घरात भरते. मले घाई नाई, तं बाकीच्याइले काय तकलीफ आहे? पोरीचं लगन होऊन जाऊ द्या."

ज्याचं घर बुडतं तोच थांबा म्हणत होता. मॅडमनी ठेकेदाराला फोन लावला आणि आधी दुसऱ्या वॉर्डाचं काम घ्यायला सांगितलं.

लग्न थाटात झालं. रूपरावांनी पंगतीत धोतराचा काचा मारून स्वतः वाढलं. सासरी वाटे लावताना हर्षा आईच्या आधी रुख्माबाईंच्या गळ्यात पडली. गल्लीतल्या सगळ्या बायांना त्या दिवशी रडू आलं, आणि गटाराची आठवण कोणालाही झाली नाही.

मशीन दुसऱ्या वॉर्डात गेली ती तिथेच राहिली. तिथे खडक लागला. मग पाऊस सुरू झाला. पावसाळ्यानंतर ठेकेदार म्हणाला, आधीची बिलं निघाल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. बिलं निघायच्या आत निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठली तेव्हा कामाची मुदत संपली होती, आणि उरलेल्या गल्ल्यांसाठी नवा प्रस्ताव करून वर पाठवावा लागेल असं ठरलं. प्रस्ताव गेला. मून मॅडमची बदली झाली. बाजारात ठेवलेले पाइप एके दिवशी ट्रकमध्ये भरून कुठेतरी नेले गेले.

प्रभाकरराव अधूनमधून नगरपरिषदेत जात. नवा इंजिनीअर म्हणे, "तुमच्या गल्लीचं तर तुम्हीच थांबवलं होतं ना?" तो काही टोचून बोलत नव्हता, फाइलमध्ये होतं तेच सांगत होता. पण प्रभाकरराव तिथून परतले की त्या दिवशी जेवत नसत.

दोन पावसाळे गेले. रूपरावांनी उंबरठा वीतभर उंच करून घेतला. ढग दाटून आले की ते संडासाच्या भांड्यावर रेतीचं पोतं ठेवत. रुख्माबाईंचे गुडघे आता दुखू लागले होते. पाणी शिरलं की वाकून घर धुणं त्यांच्याच्याने होत नसे. अनुसयाबाई मदतीला जात, प्रभाकरराव नोकर पाठवत. पण त्या घरी बसून चहा पिताना आता प्रभाकररावांना अवघडल्यासारखं होई. त्या काळात रुख्माबाईंनी एकदाही लग्नाचा विषय काढला नाही. त्यांनी एखादा शब्द टाकला असता तर बरं झालं असतं, असं प्रभाकररावांना वाटे.

तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये पावसाने तीन दिवस उघडीप दिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी जरा उसंत मिळाली म्हणून रूपराव नाचणगावला गेले. मुलगा धनंजय आता तिकडे शेती करत होता आणि वावरात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं होतं. जाताना दुकानाशी थांबून ते म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं येतो. घराकडे लक्ष ठेवजा."

"तुमी बिनधास्त जा," प्रभाकरराव म्हणाले.

दुपारी आभाळ फुटलं. तासाभरात नाला काठ सोडून वाहू लागला. चेंबरची झाकणं उडाली आणि गल्लीतून काळं पाणी वर वर चढायला लागलं. आजवर ते कधी दुकानापर्यंत आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. पायरी बुडाली, आणि पाणी आत फरशीवर पसरलं. खाली मिक्सरचे, कुकरचे नवे खोके रचून ठेवले होते. प्रभाकरराव आणि दुकानातला नोकर ते उचलून वरच्या फळ्यांवर ठेवू लागले.

माडीच्या जिन्यातून अनुसयाबाईंनी आवाज दिला. "अहो, रुख्माबाई घरी एकटी आहे. तिले पाहून या ना."

"एवढं उचलतो न जातो."

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. "गेले नाई अजून?"

"जातो म्हटलं ना. हा माल भिजला तं कंपनी वापस घेत नाई."

खोके संपले तेव्हा पाणी पोटरीच्या वर आलं होतं. प्रभाकरराव भिंतीला धरून उतारावर निघाले. खाली जाता जाता पाणी कमरेला लागलं. त्यात काय काय तरंगत होतं ते पाहायची सोय नव्हती. ढग्यांचं दार आतून लोटलेलं होतं. खांदा लावून ते उघडलं तेव्हा रुख्माबाई न्हाणीच्या दाराशी बसलेल्या दिसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी चौकट धरून ठेवली होती आणि पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. रेतीचं पोतं सरकलं म्हणून त्या नीट करायला गेल्या, पाय घसरला, आणि कमरेत काहीतरी मोडलं. उठता आलं नव्हतं.

"आले का भाऊजी," त्या म्हणाल्या. ओठ निळे पडले होते.

प्रभाकररावांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्या ओरडल्या. मग नोकर आला, शेजारचे दोघं आले, आणि दाराची फळी काढून त्यावर त्यांना निजवून वर आणलं. अनुसयाबाईंनी गरम पाण्याने त्यांचं अंग पुसलं. अॅम्ब्युलन्स पाणी उतरल्यावरच येऊ शकली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. पण पडताना पायाला जखम झाली होती, आणि त्या पाण्यात ती भिजत राहिली होती. जखम चिघळली. एकदा साफ केली, परत पू झाला, परत साफ केली. रुख्माबाई सगळा पावसाळा खाटेवर होत्या. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात रूपरावांनी विचारलं होतं, "कसं झालं?"

"मी गेलो तवा पाणी बरंच चढलं होतं," प्रभाकरराव म्हणाले. हे खरं होतं, पण एवढंच खरं नव्हतं. अनुसयाबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. घरी आल्यावरही त्यांनी कधी तो विषय काढला नाही.

पूर ओसरल्यावर पुढारी येऊन गेले. पेपरात गल्लीचे फोटो आले. काम लवकरच सुरू होईल असं सगळ्यांनीच सांगितलं आणि त्या वर्षी ते सुरू झालं नाही. दवाखान्यातून सुटी झाल्यावर धनंजय आईला सरळ नाचणगावला घेऊन गेला. "त्या घरात मी तिले पाठवत नाई," एवढंच तो म्हणाला. रूपराव मागाहून येऊन गहू-तांदूळ आणि अंथरूण-पांघरूण घेऊन गेले. दाराला कुलूप लागलं.

संध्याकाळी रूपराव बसत तो दुकानातला स्टूल रिकामा राहू लागला. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते पावसाचं, पिकाचं, हर्षाच्या सासरचं. फोन ठेवल्यावर आपण बोलायचं ते बोललोच नाही असं प्रभाकररावांना वाटत राही.

नव्या वर्षी, हिवाळा सरायच्या आत, प्रस्ताव मंजूर होऊन आला. नवा ठेकेदार, नवी मशीन. एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी खोदायला सुरुवात झाली. या वेळी गल्लीत दोघांकडे बारसं होतं, एकाकडे साखरपुडा. कोणीही थांबा म्हटलं नाही. प्रभाकररावांनी दुकान बंद केलं आणि पुलगावची बस धरली. पुलगावहून ऑटोने ते नाचणगावला गेले.

रुख्माबाई ओसरीत खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बाजूला वॉकर होता. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. रूपराव वावरात गेले होते.

"या भाऊजी. अनुसयाबाईले आणलं नाई?"

"ते पुढच्या खेपेले येते. वहिनी, गल्लीतलं काम लागलं. मोठे पाइप टाकून राह्यले. उन्हाळ्याच्या आत होऊन जाते म्हणतात."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून आत गेली.

प्रभाकररावांनी बसमध्ये सगळं मनात जुळवून आणलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी पयले दुकानातला माल उचलला. मंग तुमच्याकडे आलो."

"माहीत आहे मले."

"कोणी सांगतलं?"

"अनुसयाबाईनं. दवाखान्यात. बिचारी रडत होती."

"मंग तुमी काई बोलल्या नाई."

"काय बोलू?" रुख्माबाईंनी सुपातला कचरा वेगळा केला. "हर्षीचं बाळंतपण जवळ आलतं. माहेरात असं काई बोलणं झालं, तं तिच्या कानावर जाईन. ते माह्याच जिवाले लागलं असतं."

आणखी एक शेंग सोलून त्या म्हणाल्या, "मी आवाज देल्ले तुमाले. लय देल्ले. मंग वाटलं, पावसात कोणाले आयकू येते. म्हणून थांबून गेली." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण त्या हसल्याही नाहीत, आणि जाऊ द्या असंही म्हणाल्या नाहीत. चहा आला. मग त्यांनी हर्षाच्या बाळाचं विचारलं, दात आले का, रांगतं का, आणि प्रभाकररावांनी मोबाइलवर फोटो दाखवले. फोटो त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले.

दुपारी रूपराव आले. जेवणं झाली. निघताना ते मित्राला फाट्यावर सोडायला आले. ऑटोची वाट पाहत दोघं निंबाखाली उभे राहिले.

"काम झालं की या वापस," प्रभाकरराव म्हणाले. "वहिनीसाठी न्हाणीत धरायले कडी लावून घेऊ. संडास खुर्चीसारखा बसायचा करून घेऊ. मी पाहतो सगळं."

"घर विकलं मी," रूपराव म्हणाले. "सेलूचा एक जण आहे, त्याले गोदाम पायजे होतं. दिवाळीतच बोलणं झालं. पुढच्या महिन्यात रजिस्ट्री आहे."

"मले सांगतलं नाई तुमी?"

"सांगणार होतो."

"दिवाळीपासून?"

"तुमी थांबा म्हटलं असतं, प्रभाकरराव," रूपराव म्हणाले. "आन मी थांबलो असतो."

ऑटो आला. रूपरावांनी हात धरून मित्राला आत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवून दिली, आणि अनुसयाबाईंना नमस्कार सांगा म्हणाले. त्या पिशवीत रुख्माबाईंनी हर्षासाठी तुरीची डाळ दिली होती.

उन्हाळ्याच्या शेवटी काम पूर्ण झालं. चर बुजवून वर सिमेंटचा रस्ता झाला. जुलैमध्ये पाऊस आला, नाला भरला, आणि गल्लीतली माणसं सवयीने दारात येऊन उभी राहिली. चेंबरची झाकणं जागेवरच होती. पाणी रस्त्यावरून पातळ धारेने वाहत गेलं आणि जाळीतून खाली उतरलं. शेजारचे एकमेकांना म्हणाले, झालं बुवा एकदाचं.

प्रभाकरराव छत्री घेऊन उतार संपतो तिथपर्यंत चालत गेले. ढग्यांच्या घराला आता लोखंडी शटर बसलं होतं. आत सरकीच्या ढेपेची पोती रचलेली होती आणि ती अगदी कोरडी होती. गोदामाचा माणूस म्हणाला, "काका, काई पायजे का?"

"नाई," प्रभाकरराव म्हणाले. "पाणी शिरते का पाहायले आलतो."

"इथी? इथी कायचं पाणी शिरते," तो माणूस म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. प्रभाकरराव थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग उतार चढून दुकानात आले.